पन्नास इंची चाकावरून पृथ्वीप्रदक्षिणा

जिला चेन नाही, गियर नाही, हवेचे टायर नाहीत आणि नाव घेण्यासारखा ब्रेकही नाही, अशा सायकलवरून कोणी तुम्हाला हॉस्टेलपासून स्टेशनपर्यंत जायला सांगितलं तर जाल का? थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस अशा सायकलवर २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि पूर्वेकडे जात जात १७ डिसेंबर १८८६ला जपानमध्ये योकोहामाला पोचला. मधले समुद्र अर्थातच बोटीने, काही तुकडे रेल्वेने. पण जमिनीवरचं सायकलचं अंतर भरलं सुमारे १३,५०० मैल, म्हणजे जवळजवळ २१,७०० किलोमीटर. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव सगळीकडे दिलं जातं.

आधी ती सायकल समजून घेऊ, कारण आपलं मासिक इंजिनिअरिंग कॉलेजचं आहे! जुन्या इंग्रजी चित्रांत पुढे भलंमोठं चाक, मागे एवढंसं चाक आणि वर टांगलेला साहेब दिसतो ना, तीच ही पेनी-फार्दिंग. आजच्या आपल्या साध्या सायकलला पुढे मोठं चेनव्हील आणि मागे लहान फ्रीव्हील असतं, त्यामुळे पेडल एकदा फिरलं की चाक दोन-अडीच वेळा फिरतं. पेनी-फार्दिंगची पेडल्स सरळ पुढच्या चाकाच्या एक्सलवरच बसवलेली. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, हिशोब संपला. मग स्पीड वाढवायचा कसा? चाकच मोठं करायचं! पण चाक किती मोठं होणार हे माणसाच्या पायाच्या लांबीवर ठरायचं. स्टीव्हन्सची सायकल अमेरिकेतल्या पोप कंपनीची 'कोलंबिया', चाक पन्नास इंची. पाय (म्हणजे ३.१४ वाला) लावून गुणलं तर एका फेऱ्यात साधारण चार मीटर. सपाट रस्त्यावर हे छान चालतं. चढावर मात्र लो गियर नावाची सोयच नाही, उतरून ढकलायची.

आणि उतारावर तर त्याहून वाईट. चालवणारा जवळजवळ पुढच्या एक्सलच्या डोक्यावर बसलेला असतो. फ्री बॉडी डायग्राम काढून बघा. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी एक्सलच्या किंचितच मागे आणि जमिनीपासून चांगलं उंच. चाकापुढे एखादा दगड आला, चाक अडलं, की सायकल आणि माणूस दोघेही एक्सलभोवती पुढे फिरतात आणि माणूस डोक्यावर आपटतो. याला त्या काळचे सायकलवाले हेडर म्हणत, आणि तो इतका नेहमीचा होता की त्याला कोणी अपघातसुद्धा म्हणत नसे.

स्टीव्हन्स काही मोठा खेळाडू वगैरे नव्हता. जन्म २४ डिसेंबर १८५४, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमधलं बर्कहॅमस्टेड हे गाव. घरची परिस्थिती साधीच. १८७०च्या दशकात तो अमेरिकेत गेला, मिझुरीत शेतावर राहिला, वायोमिंगमध्ये रेल्वेच्या मिलमध्ये काम केलं, मग कोलोरॅडोत खाणीत. म्हणजे त्या काळी लाखो लोक करत होते तेच. खाणीत काम करताना कधीतरी त्याच्या डोक्यात आलं की अमेरिका खंड सायकलवरून ओलांडायचा. गंमत म्हणजे तेव्हा त्याला सायकल नीट येतही नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोला येऊन सायकल घेतली, तिथे शिकला आणि निघाला. त्याच्याआधी काहींनी हा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. बरोबर सामान किती? मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट (जो पावसात कोट, रात्री अंथरूण आणि गरज पडली तर तंबू) आणि एक पिस्तूल. आपण दोन दिवसांच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला यापेक्षा जास्त नेतो.

पश्चिम अमेरिकेत तेव्हा सायकल चालवण्याजोगा रस्ता असा नव्हताच. म्हणून तो रेल्वे लाइनच्या कडेकडेने गेला, कधी स्लीपरवरून धडधडत, कधी सायकल ढकलत. सिएरा नेवाडाच्या डोंगरात रुळांवर बर्फ पडू नये म्हणून मैलोन् मैल लाकडी छपरं बांधली होती. आत अंधार, धूर कोंडलेला, आणि गाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. एकदा तर तो पुलावर असतानाच समोरून गाडी आली. पुलाला कठडा नाही, बाजूला जागा नाही. तेव्हा हा पठ्ठ्या पुलाच्या कडेला लोंबकळला, एका हाताने तुळई धरून आणि दुसऱ्या हाताने सायकल धरून! गाडी गेल्यावर वर आला. ४ ऑगस्ट १८८४ला बॉस्टन गाठलं. १०४ दिवस, सुमारे ३,७०० मैल, त्यातला तिसरा हिस्सा तरी पायी.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. हा सिएरा नेवाडातला रेल्वेमार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६०च्या दशकात बांधला, आणि तो बांधणाऱ्या मजुरांमध्ये फार मोठा हिस्सा चिनी लोकांचा होता. ग्रॅनाइटच्या कड्यात सुरुंग लावून बोगदे त्यांनी खोदले. १८६९ साली लाइन पूर्ण झाली आणि १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायची बंदी केली. स्टीव्हन्स १८८४ साली ज्या लाइनच्या आधाराने खंड ओलांडत होता, ती अशी होती.

बॉस्टननंतर त्याचं नाव झालं. 'आउटिंग' नावाच्या मासिकाने त्याला आपला बातमीदार नेमलं आणि आता खंड नाही, जगच पार करायचं ठरलं. १८८५च्या एप्रिलमध्ये बोटीने लिव्हरपूल, मे महिन्यात तिथून सायकलवर प्रस्थान. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया, तुर्कस्तान. युरोपबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण तिथे रस्ते बरे होते, खाणावळी होत्या आणि सायकलचे क्लबसुद्धा होते. पण एक योगायोग सांगायलाच हवा. त्याच १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. म्हणजे आज आपण चालवतो तीच रचना. तीन वर्षांनी, १८८८ला डनलॉपचं हवेचं टायर आलं आणि पेनी-फार्दिंगचा जमाना संपला. स्टीव्हन्स ज्या मशीनवर जग जिंकायला निघाला होता, ते मशीन तो रस्त्यात असतानाच आउटडेटेड होत होतं!

तुर्कस्तानात गावोगावी लोक त्याला घेराव घालायचे. चढून दाखव, चालवून दाखव, पुन्हा दाखव. दमून आलेला असला तरी सुटका नाही. इराणमध्ये तेहरानला पोचेपर्यंत थंडी आली, तिथेच मुक्काम. इराणचा शहा नासिरुद्दीन याने त्याला बोलावून सायकल चालवून दाखवायला लावली आणि त्याला म्हणे फार मजा वाटली. १८८६च्या मार्चमध्ये तो पुढे निघाला. त्याला रशियाच्या मुलखातून, सायबेरियातून जायचं होतं. रशियनांनी परवानगी दिली नाही. मग हा अफगाणिस्तानात घुसला, तिथे फराह गावी अडवला गेला, पहाऱ्यात हेरातला नेला गेला आणि परत इराणात आणून सोडला. तेव्हा ब्रिटन आणि रशिया यांच्यात अफगाण सरहद्दीवरून युद्ध होता होता राहिलं होतं, त्यामुळे सायकलवर आलेल्या गोऱ्या माणसाला कोणी टुरिस्ट समजणं शक्यच नव्हतं. शेवटी बाकू, कॉन्स्टँटिनोपल, सुएझ असा मोठा वळसा घालून तो बोटीने कराचीला उतरला, रेल्वेने लाहोरला गेला आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडवरून कलकत्त्यापर्यंत सायकल चालवली. ऐन पावसाळ्यात! उकाड्याने त्याचे हाल झाले, पण रस्ता त्याला फार आवडला. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. आपल्या महाराष्ट्रात काही तो आला नाही.

इथपर्यंत त्याला त्रास बराच झाला, पण प्रत्येक वेळी काहीतरी आधार होता. कुठे तारऑफिस, कुठे इंग्रज अधिकारी, कुठे मिशनरी. कलकत्त्याहून बोटीने हाँगकाँग आणि मग कॅन्टन. १३ ऑक्टोबर १८८६ला तो कॅन्टनहून आत चीनमध्ये निघाला, आणि तिथे यातलं जवळजवळ काहीच राहिलं नाही.

त्याला जायचं होतं यांगत्से नदीवरच्या ज्युज्यांग या गावी. तिथे परदेशी लोकांची वस्ती होती आणि शांघायला जाणाऱ्या बोटी मिळत. कॅन्टन ते ज्युज्यांग म्हणजे दक्षिण चीनच्या पोटातून सरळ उत्तरेला. कॅन्टनमधल्या परदेशी मंडळींनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही.

सायकलच्या दृष्टीने पाहिलं तर हा प्रवास हास्यास्पदच होता. दक्षिण चीनमध्ये बैलगाडीचाही रस्ता नव्हता, कारण गाड्याच नव्हत्या. माल नदीतून जायचा नाहीतर माणसाच्या खांद्यावरून. रस्ता म्हणजे भातखाचरांच्या बांधावरून जाणारी पायवाट, त्यावर कुठे कुठे फरशा टाकलेल्या, रुंदी जेमतेम पाऊलभर. आपल्याकडे कोकणात बांधावरून जुनी ॲटलस सायकल हातात धरून चालून बघा, मग कल्पना येईल. पन्नास इंची चाक बांधावर, माणूस खाली चिखलात! त्यामुळे तो बहुतेक वेळा चालतच होता, कधी होडीतून जात होता. मेइलिंग खिंडीतून त्याने डोंगर ओलांडला. ही खिंड फार जुनी, तिथली वाट आठव्या शतकात, इसवी सन ७१६मध्ये दुरुस्त करून रुंद केलेली. शेकडो वर्षं हमाल खांद्यावर माल घेऊन तिथून ये-जा करत होते. खिंडीपलीकडे ज्यांग्शी प्रांत आणि उत्तरेकडे वाहणारी गान नदी.

भाषेचं तर विचारूच नका. तुर्की, फारसी यांतले कामापुरते शब्द त्याने शिकून घेतले होते. चिनी भाषेत मात्र शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. त्यामुळे पुढच्या गावाचं नुसतं नाव उच्चारून रस्ता विचारणंही जमेना. तो काहीतरी म्हणायचा, समोरचा हसायचा किंवा घाबरायचा. खाणं, झोपणं, रस्ता, सगळं खुणांवर. सलग कित्येक दिवस एकाही माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ही कल्पना करून बघा. हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात, सगळे वेगवेगळ्या भाषांत बोलत असताना, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी याचा छोटा डोस घेतलेला आहे. पण तिथे निदान मेसवाल्याला भूक कळते!

आणि लोक चिडलेले होते. हे कारण स्टीव्हन्सच्या गोष्टी सांगताना बरेच जण गाळतात, म्हणून जरा सविस्तर. १८८४-८५मध्ये फ्रान्स आणि चीन यांचं युद्ध झालं. २३ ऑगस्ट १८८४ रोजी फूचौ बंदरात फ्रेंच आरमाराने चीनचा तिथला अख्खा ताफा तासाभराच्या आत बुडवला. शेकडो माणसं मेली. जून १८८५मध्ये तह झाला, तो चीनच्या बाजूचा नव्हता. याआधी अफूची युद्धं झालेलीच होती. त्यामुळे दक्षिण चीनमधल्या एखाद्या गावातल्या माणसाला गोरा माणूस म्हटला की काय आठवणार? तो इंग्रज की फ्रेंच की अमेरिकन हे त्याला कसं कळणार? त्या लोकांत परदेशी माणसाला 'परदेशी भूत' अशा अर्थाची शिवी रूढ होती. तह होऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि हा भूत चकचकीत लोखंडी चाकावर बसून गावात येत होता.

गान नदीच्या काठी जिआन नावाचं मोठं गाव आहे. त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे स्टीव्हन्स त्याला कीनगानफू म्हणतो. त्याच्या अडीच वर्षांतला सगळ्यात वाईट दिवस इथला. आधीच्या गावांतही गर्दी जमली होती, ढकलाढकली झाली होती, दगडही आले होते. पण सगळीकडे गर्दीत निम्म्याहून जास्त लोक बघे असत. इथे तसं नव्हतं. बातमी त्याच्या पुढे धावत गेली, गल्ल्यांमधून माणसं जमा होत गेली, आधी आरडाओरडा, मग शिव्या, मग दगड. त्याच्याबरोबर सरकारी शिपाई होते आणि त्यांनाही मार बसला.

आता त्याच्याजवळ काय काय होतं ते बघा. जगातली एक उत्तम सायकल होती, जी त्या गल्लीत चालवता येत नव्हती. ढकलत न्यायची म्हटली तर खांद्याएवढं चाक, म्हणजे दगड मारायला लांबून दिसणारं निशाणच. सायकल टाकून पळून जाणं सोपं होतं, पण मग प्रवासच संपला. पिस्तूल होतं. आणि मला वाटतं त्या दिवशीचा सगळ्यात कठीण निर्णय तिथेच होता. गर्दीवर एक गोळी झाडली असती तर काय झालं असतं हे सांगायला इतिहासाचा प्रोफेसर लागत नाही. त्याने गोळी झाडली नाही. अमेरिकेच्या जंगलात, इराणच्या वाळवंटात ज्या वस्तूचा त्याला धीर वाटायचा, ती इथे खिशात ठेवण्यातच शहाणपण होतं.

त्याला वाचवलं यामेनने. यामेन म्हणजे चिनी अंमलदाराची कचेरी आणि घर, दोन्ही एकाच आवारात. आपल्या जुन्या मामलेदार कचेरीसारखं, पण मागे साहेबाचं कुटुंबही राहतंय. शिपायांनी त्याला कसंबसं तिथे आत घेतलं. बाहेर जमाव. आत एक अंमलदार, ज्याच्याशी त्याला एक शब्द बोलता येत नव्हता.

या अंमलदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की मग ही गोष्ट वेगळीच दिसायला लागते. गावातले लोक त्याचे, भाषा त्याची, राग कदाचित त्याच्याही मनात असेल. हा आगंतुक न बोलावता आलेला, येऊ नको म्हणून सांगितलेलं असताना आलेला. त्याला बाहेर सोडला तर पाच मिनिटांत सगळं संपतं. पण मग पेकिंगमध्ये परदेशी वकील तक्रार करणार, नुकसानभरपाई मागणार, कदाचित गनबोटी येणार, आणि या अंमलदाराची नोकरी जाणार. आत ठेवला तर दार किती वेळ टिकेल ते माहीत नाही, आणि गावाच्या लेखी आपणही भुताचेच साथीदार. त्याने आत ठेवला. गर्दी ओसरल्यावर शिपायांच्या पहाऱ्यात सायकलसकट नदीवर नेऊन होडीत बसवला. तिथून पुढचा प्रवास एका यामेनकडून दुसऱ्या यामेनकडे सोपवत सोपवत झाला. प्रत्येक ठिकाणचा अंमलदार आपल्या हद्दीत हा मरू नये याची काळजी घेत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर इनवर्ड-आउटवर्ड रजिस्टरला नोंद करून पार्सल पुढे पाठवत होते! स्टीव्हन्सला हे आवडलं नाही, कैद्यासारखं वाटलं. पण ज्युज्यांगला तो जिवंत पोचला, आणि तिथून बोटीने शांघायला.

जगप्रवासाच्या इतिहासात या अंमलदाराचं नाव कोणी घेत नाही, मार खाणाऱ्या शिपायांचं तर नाहीच. स्टीव्हन्सने या प्रवासावर 'अराउंड द वर्ल्ड ऑन अ बायसिकल' हे दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, १८८७ आणि १८८८ साली. कॉपीराइट केव्हाच संपल्यामुळे ते आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं. पुस्तक मस्त आहे, विनोदी आहे, पण आशियातल्या लोकांबद्दल तो जे लिहितो ते वाचून पुष्कळ ठिकाणी राग येतो. आपल्याला मदत करणाऱ्यांनाही तो जरा वरूनच बघतो. पन्नास इंची सायकलवर बसल्याचा परिणाम असेल! त्या काळचा इंग्रज म्हणून सोडून देता येतं, पण मी तरी पूर्ण सोडत नाही. चीनमधल्या भागात तर जमावाच्या रागाची कारणं त्याच्यासमोर होती. इतका हुशार, निरीक्षण करणारा माणूस, पण त्या रागाकडे तो मुख्यतः रानटीपणा म्हणूनच बघतो.

आणि आता ती मघाची गोष्ट. २ सप्टेंबर १८८५. स्टीव्हन्स तेव्हा इराणच्या वाटेवर होता. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, युनियन पॅसिफिक रेल्वे लाइनवर रॉक स्प्रिंग्ज नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव आहे. तिथल्या गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने चिनी खाणकामगारांच्या वस्तीवर हल्ला केला. निदान २८ चिनी मारले गेले, ७० पेक्षा जास्त घरं जाळली. कोणालाही शिक्षा झाली नाही. वाचलेल्या चिनी लोकांना परत आणायला शेवटी सैन्य लागलं. वायोमिंगमध्ये स्टीव्हन्सने स्वतः काम केलेलं होतं, आणि आदल्या वर्षी तो याच रेल्वेच्या आधाराने वायोमिंगमधून सायकलवर गेला होता. म्हणजे गोरा माणूस चीनमध्ये जमावापुढे सापडला तेव्हा त्या गावातला अंमलदार दार लावून घेऊन त्याच्या बाजूने उभा राहिला. चिनी माणसं वायोमिंगमध्ये जमावापुढे सापडली तेव्हा त्या दिवशी त्यांच्यासाठी असं दार उघडलं नाही. या दोन घटनांमध्ये चौदा महिन्यांचंच अंतर आहे. कोणत्याही सायकलच्या पुस्तकात या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत, म्हणून इथे लिहिल्या.

जपान त्याला स्वर्ग वाटला. नागासाकीहून निघाला तो चांगल्या रस्त्यांवरून, हसऱ्या लोकांमधून. चीननंतर असं वाटणं साहजिक आहे. १७ डिसेंबरला योकोहामा, आणि जानेवारी १८८७मध्ये बोटीने परत सॅन फ्रान्सिस्को. जिथून निघाला तिथेच.

असा प्रवास म्हणजे जिद्द असली की जमतो असं कोणाला वाटत असेल तर फ्रँक लेन्झची माहिती वाचावी. पिट्सबर्गमधला हा तरुण हिशेबनीस १८९२ साली त्याच 'आउटिंग' मासिकासाठी जगप्रवासाला निघाला, पण उलट दिशेने. त्याच्याकडे नव्या पद्धतीची सायकल होती, हवेचे टायर होते. जिद्द स्टीव्हन्सपेक्षा कमी नव्हती, त्याने चीनही पार केला. मे १८९४मध्ये तब्रीझ आणि एर्झुरूम यांच्यामध्ये, पूर्व तुर्कस्तानात, तो नाहीसा झाला. पुढच्या वर्षी दुसरा एक सायकलस्वार त्याला शोधायला गेला. लेन्झचा खून झाला होता असंच दिसून आलं, प्रेत कधीच मिळालं नाही. त्याच्या मशीनमध्ये काहीही कमी नव्हतं.

स्टीव्हन्सने पुढे सायकल जवळजवळ सोडूनच दिली. १८८९ साली एका वर्तमानपत्रासाठी तो पूर्व आफ्रिकेत गेला, स्टॅन्ली नावाच्या प्रसिद्ध प्रवाशाचा पत्ता लावायला. १८९०मध्ये रशियातून घोड्यावरून प्रवास केला. दोन्हींवर पुस्तकं लिहिली. नंतर भारतातही आला होता म्हणतात, साधूंच्या चमत्कारांचा तपास करायला. त्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहावा! मग इंग्लंडला परतला, लग्न केलं आणि लंडनच्या गॅरिक थिएटरचा मॅनेजर झाला. ज्या माणसाने अडीच वर्षं स्वतःच्या पुढे गर्दी जमलेली बघितली, तो उरलेलं आयुष्य तिकिटं काढून आलेल्या गर्दीचा हिशोब ठेवत होता. २४ जानेवारी १९३५ला लंडनमध्ये तो वारला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तोपर्यंत पेनी-फार्दिंग चालवताना कोणी दिसलं तर लोक सर्कस आली असं समजत.

त्याची सायकल पोप कंपनीने बरीच वर्षं जपून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लढाईसाठी भंगार लोखंड गोळा करायची मोहीम निघाली, तेव्हा तीही भंगारात दिली गेली.